शनिवारचं तेल

शनिवारी सकाळी नऊ वाजता ऑइल प्रेशरचा लाल दिवा लागला आणि नवरीची गाडी गॅरेजसमोर आपणहून थांबली. मुहूर्त तासाभरावर होता.

गॅरेजवाल्या इक्बालभाईंनी तेलाची पट्टी ओढून पाहिली. "तेल तळाला गेलंय. घरूनच सांगायचंस ना," ते गाडीला म्हणाले.

"आज शनिवार," गाडी म्हणाली. "आमच्याकडे शनिवारी तेल विकत घेत नाहीत. नवरीच्या आजी, माई, रागावतात."

मागे बसलेल्या नवरीच्या आईने कपाळाला हात लावला. "अगं, ते खायचं तेल."

नवरी हसत सुटली. गाडी मात्र ऐकेना.

"मग विकत घेऊ नकोस," इक्बालभाई तेल ओतत म्हणाले. "हा माझा आहेर."

दिवा विझला. आहेर घेतला म्हणून गाडीने त्यांना परस्पर जेवणाचं आमंत्रण दिलं. मुहूर्त गाठला का, ते अजून कळलेलं नाही. गॅरेज बंद आहे.