शिक्का नसलेली तिकिटं

फ्रेम कुठे लावायची, एवढंच ठरायचं राहिलं होतं. रियाचं म्हणणं, दारातून आत आल्याबरोबर समोर दिसली पाहिजे. रवींद्रचं म्हणणं, आतल्या खोलीत, कपाटाच्या बाजूला.

"तिथे कोण बघणार, पप्पा?"

त्याला तेच हवं होतं.

रिया मानकोलीच्या एका गोडाउनमध्ये सुपरवायझर होती. सुट्टीचा अख्खा दिवस तिने बापाच्या टपाल तिकिटांत घालवला होता. काळा जाड कागद, त्यावर पारदर्शक कप्पे, चिमट्याने एकेक तिकीट सरळ रेषेत. रविवारी तिच्या होणाऱ्या सासरची माणसं नारपोलीच्या या घरात पहिल्यांदा येणार होती. बिस्किटांच्या डब्यात पडून राहिलेला बापाचा छंद त्यांना दिसावा, एवढीच तिची हौस. रवींद्र दाढी करून न्हाव्याकडून परत आला, तेव्हा सगळं काचेखाली गेलेलं होतं.

वरच्या पाच ओळींची त्याला चिंता नव्हती. ती कारखान्यात आलेल्या पत्रांवरची तिकिटं, प्रत्येकावर पोस्टाचा काळा शिक्का. खालच्या तीन ओळींकडे तो बघत नव्हता.

"ह्या सत्तावीसांवर शिक्का नाही," रिया म्हणाली. "मागे गोंदही नाही. कोरी असती तर गोंद असता. म्हणजे पाकिटावर चिकटवली, पण पोस्टात गेलीच नाहीत. कसं काय?"

स्वयंपाकघरात शेवंता भाजी निवडत होती. मधे दार नव्हतं, नुसता पडदा.

पोस्टवाले कधीकधी विसरायचे, तो म्हणाला. सत्तावीस वेळा, असं म्हणून रिया हसली आणि शेजारून हातोडी आणायला गेली. जाताना फ्रेम दिवाणावर उभी करून गेली, काच पडद्याच्या दिशेला. रवींद्रने ती उचलली, पालथी घालायला जागा शोधली आणि तिथेच उभा राहिला. आता पालथी घातली तर पोरगी पुन्हा विचारणार.

लग्नानंतर दुसऱ्या वर्षी तो कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात मेहताजी म्हणून लागला. मेहताजी म्हणजे कारकूनच, पण चाळीस लूमच्या खडखडाटात बसणारा. तात्पुरतं म्हणून लागला होता. त्याआधी सरकारी कारकुनाच्या दोन मुलाखतींत हात हलवत परत आला होता. दुसऱ्या खेपेला त्याने घरात बजावलं, नोकरीचा विषय पुन्हा काढायचा नाही. शेवंताने काढला नाही.

दोन महिन्यांनी तिने त्याच्या हातात बंद पाकीट दिलं. "जाता जाता पेटीत टाका."

पत्ता जिल्हा परिषदेचा होता. तो काय ते समजला. तो दहावी, बायको बारावी. तिला लांब मोखाड्याला नाहीतर जव्हारला नोकरी लागणार, अंथरुणाला खिळलेली त्याची आई पुतळाबाई घरात एकटी पडणार, आणि कारखान्यात एकच बोलणं होणार, मेहताजी बायकोच्या पगारावर जगतो.

पाकीट त्याने फोडलं नाही. तेवढा आपण सभ्य आहोत असं त्याला वाटलं. तिकीट लावलेला कोपरा कापून घेतला, बाकीचं शेजारी सुताला खळ लावणाऱ्या सायझिंगच्या भट्टीत टाकलं. कोपरा कोमट पाण्यात भिजवून तिकीट सोडवलं आणि डब्यात ठेवलं. चांगलं तिकीट त्याच्याने जाळवलं नाही.

मग वीज मंडळाचं पाकीट आलं, बँकेचं आलं, पाटबंधाऱ्याचं आलं. शेवंताने तक्रार केली नाही. संध्याकाळी तो केसांतला कापूस झटकत घरात शिरला की तिचा एकच प्रश्न असे, वाटेत पोस्टमन भेटला का. तो नाही म्हणून मान हलवायचा. त्याची तेहतिशी उलटली तशी पाकिटं थांबली. दमली बिचारी, त्याने मनाशी धरलं.

पण डबा घरातच राहिला आणि त्याची टोचणीही. त्यानंतर त्याचा आवाज बायकोपुढे चढला नाही, चढवायची छाती नव्हती. तात्पुरती नोकरी चौतीस वर्षं चालली. डावा कान गेला, छातीत कापूस बसला, रोज लूमसमोर बसताना वाटायचं, ही आपल्याला बरोबर शिक्षा आहे.

पडदा हलला. शेवंता ओले हात पदराला पुसत आली आणि तिने त्याच्या हातातली फ्रेम घेतली. चष्मा कपाळावरून खाली ओढला. वरच्या पाच ओळी तिने पाहिल्याच नाहीत.

"हे मोराचं," ती म्हणाली. "पोस्टातल्या बाईकडून मागून घेतलं होतं मी. तिकीट चांगलं लावलं तर उत्तर चांगलं येईल, म्हणून."

रवींद्र दिवाणावर बसला. आता लपवण्यात अर्थ नव्हता. एकही पाकीट पेटीत पडलं नाही, हे त्याने जमिनीकडे बघत सांगितलं. भट्टीचंही सांगितलं.

शेवंताने पदराने काच पुसली. मग तिने एकच शब्द विचारला, का.

"तू नोकरीला गेली असतीस तर आईचं कोण करणार होतं?" तो म्हणाला. "आणि लोक मला हसले असते. माफ कर, शेवंता. तुला मी घरात कोंडून ठेवलं."

"मला?" शेवंताने फ्रेम हळूच त्याच्या मांडीवर ठेवली. "आईंना टाकून मी कुठे जाणार होते? अहो, अर्ज तुमच्या नावाचे होते. तुम्ही चिडाल म्हणून सहीसुद्धा मीच करायची."