दोन पिशव्या हवा

"डोळे मिटा, आई. नळीला नाक लावा आणि सावकाश श्वास घ्या," जावई म्हणाला.

"नाक कसं लावायचं ते मला नका शिकवू, जावईबापू. तुमच्या कारखान्याने माझी चांगली तालीम करून घेतलीय."

आजची चाचणी सासूबाईंच्या तक्रारीमुळेच होती. हाडं उकळून चिकटवायचा सरस बनवणारा कारखाना, आणि त्याच्या धुराड्याचा वास खिडकीतून आत येतो म्हणून त्यांनी सगळी कार्यालयं पालथी घातली होती. शेवटी मालकाने वास घालवायचं काम तिथेच नोकरीला असलेल्या जावयाच्या गळ्यात घातलं. त्याने काचेच्या नळ्यांचं यंत्र उभं केलं. धुराड्याकडे जाणारा वायू त्या नळ्यांतून जायचा, जबर दाबाची वीज त्यात जांभळा प्लाझ्मा पेटवायची आणि त्या उजेडात वासाचे रेणू फुटून निरुपद्रवी होऊन बाहेर पडायचे. निदान त्याचा हिशेब तसं सांगत होता.

"हिशेबाला नाक नसतं," हे सासूबाईंचं मत.

आज त्या नाकाने नापास केलं, की कारखान्याला टाळं. मग जावयाने दूरच्या शहरात नोकरी शोधायची, बायको-मुलीसह बिऱ्हाड हलवायचं. नातीशिवाय घर खायला उठेल हे सासूबाईंना का कळत नव्हतं? "पण नातीसाठीसुद्धा मी खोटं बोलायची नाही," असं त्यांनी आधीच बजावलं होतं.

सासरे शेजारच्या खुर्चीत प्रसन्न बसले होते. निवृत्तीनंतर मागचं अंगण म्हणजे त्यांचं राज्य. गुडघ्यांमुळे सासूबाई तिकडच्या पायऱ्या उतरत नसत, त्यामुळे टोकायला कोणी नव्हतं. गुलाब वाटीएवढे फुलत. खत घरचंच, खिडकीखालच्या पिंपात मुरवलेलं. कृती विचारली की नुसते हसत. आताही आल्या आल्या त्यांनी जावयाच्या खिशात एक कळी खोचली होती. देठाला नेहमीची लाल दोऱ्याची दुहेरी गाठ.

"मला तर बुवा तो वास कधी जाणवलाच नाही," ते म्हणाले.

"तुम्हाला लग्नानंतर काहीच जाणवलेलं नाही," सासूबाई डोळे मिटूनच म्हणाल्या.

चाचणी घ्यायला आलेल्या सरकारी तपासनीस बाई हसल्या. मग त्यांनी नियम पुन्हा सांगितला. कापडाखाली दोन पिशव्या. एकीत यंत्रातून बाहेर पडलेली हवा. दुसरीत तुलनेसाठी तक्रारदाराच्या अंगणातली, वारा घराकडून कारखान्याकडे वाहत असताना भरलेली. ती सासऱ्यांनीच सकाळी भरून, तोंड बांधून आणून दिली होती. कोणती कुठे ठेवली आहे, हे फक्त बाईंना ठाऊक.

सासूबाईंनी पहिल्या नळीला नाक लावलं. कपाळावरची आठी हळूहळू उलगडली.

"अहाहा! ही आमच्या घरची. तुमचा कारखाना नसता, तर रोज अशीच मिळाली असती."

जावयाने खुर्चीचा हात घट्ट धरला.

दुसऱ्या नळीशी त्यांनी नाक नेलं मात्र, झटकन मागे सरकल्या. रुमाल तोंडावर गेला.

"शी! हाच! हाच मेला रोज खिडकीतून आत शिरतो."

"नक्की?" बाईंनी विचारलं.

"शंभर पिशव्यांतून ओळखीन."

मग सासूबाईंनी चाचपडत जावयाचा हात धरला. आवाज ओला झाला होता.

"रागावू नका. पण वास आहे, तर आहे म्हणायलाच हवं ना?"

"नाही, आई. तुम्ही खरं तेच बोललात," तो म्हणाला. मुलीच्या खोलीतलं सामान किती खोक्यांत मावेल, याचा विचार त्याच्या मनात सुरूही झाला होता.

बाईंनी कापड उचललं.

दुसऱ्या पिशवीच्या तोंडाला लाल दोऱ्याची दुहेरी गाठ होती.