चार वर्षांचा कडता

या सौद्यात सोनूबाईला मिळणार होता स्टीलचा एक डबा, झाकणासकट. मृणालीला मिळणार होती सुट्टी, कारण सोनूबाईचा फॉर्म तिचा पन्नासावा आणि शेवटचा. दिल्लीला काय मिळणार होतं, ते दोघींपैकी कोणालाच नीट ठाऊक नव्हतं.

दिल्लीत एक मंडळ आहे. औषधपाण्यावरचा सरकारी पैसा कशावर घालावा आणि कशावर घालू नये, हे ते सरकारला सांगतं. मंडळ नवं होतं तेव्हा त्याची एक पंचाईत झाली. कुठलं दुखणं माणसाला किती जड जातं, हे मोजल्याशिवाय पैसा वाटता येईना, आणि मोजायची मापं होती ती परदेशी. तिकडच्या म्हातारीचे गुडघे बर्फात दुखतात. पेणच्या खाडीवर चाळीस वर्षं मीठ ओढलेल्या म्हातारीचं दुखणं त्या मापात मावायचं कसं? म्हणून मंडळानं आपल्याच लोकांच्या ओट्यावर माणसं पाठवली. मृणाली त्यांतलीच.

“समजा आजी,” लॅपटॉप मांडीवर घेऊन ती म्हणाली, “दहा वर्षं आयुष्य आहे, पण खाटेवर. अंघोळ दुसऱ्यानं घालायची, अंग सारखं ठणकतंय. नाहीतर ठणठणीत आयुष्य, पण वर्षं कमी. धडधाकट राहायचं तर दहातली किती वर्षं सोडाल?”

सोनूबाई ताठ बसली. असा प्रश्न तिला नवा नव्हता. मीठ ओलं आहे म्हणून व्यापारी गोणीमागे वजन कापतो, त्याला कडता म्हणतात. कडत्यावरून सोनूबाईनं भल्याभल्या व्यापाऱ्यांना घाम फोडला होता.

“म्हंजे तू कडता कापनार.”

“तसंच समजा.”

“एक.”

“एकच वर्ष?”

“सहा महिनेच बोलनार होते. उनाची आलीस म्हनून एक.”

मृणाली हसली. सोनूबाई हसली नाही.

“आनि कापलेली वर्षं जानार कुठं?”

मृणालीनं घड्याळ पाहिलं. नाक्यावरची रिक्षा भरत आली असणार. “दिल्लीला. तिथून आजारी माणसांच्या उपयोगी पडतील.”

सोनूबाईनं शेजारच्या ओट्याकडे पाहिलं. तिथं मोरू बसला होता, मनगटाला पट्टी बांधून. वय अडतीस, दोन्ही किडन्या गेलेल्या. रक्त धुवायला आठवड्यातून दोनदा पनवेल. पोटापाण्याचा ट्रक त्या खर्चातच विकला होता.

“याच्यासारख्यांच्या?”

“हो.”

“मंग चार लिव.”

“एकदम चार?”

“लिव बोलले ना! सुरुवातीची घेनार का शेवटची?”

“शेवटची,” मृणाली थट्टेनं म्हणाली.

“बरं. म्हंजे यंदाचं मीठ निघतंय.”

साक्षरतेच्या वर्गात शिकलेली चार अक्षरांची सही तिनं जपून केली आणि डबा घेतला. फॉर्मच्या शेवटी एक प्रश्न मृणालीसाठी होता. उत्तर देणाऱ्याला प्रश्न समजला का? ‘नाही’ लिहिलं तर फॉर्म बाद, उद्या पुन्हा फेरी. मृणालीनं सोनूबाईकडे पाहिलं. ती मिठागरातल्या मिठाच्या राशी मोजल्यासारखी लांब बघत होती. मृणालीनं ‘हो’ वर बोट दाबलं आणि रिक्षा गाठली.

त्या वर्षापासून सोनूबाईची घाई सुरू झाली. जिभेवर थेंब घेऊन मिठागरातलं पाणी पिकलं का, म्हणजे मीठ धरायला आलं का, ते कसं ओळखायचं, हे तिनं सगुणेला, म्हणजे सुनेला, शिकवलं. नथ नातीला देऊन टाकली. सणाचं कारण नाही, लग्नाचं नाही. कोणी विचारलं तर म्हणायची, “माझ्यात कडता कापलाय.” लोक समजले, म्हातारी मिठाचंच बोलते आहे.

तीन वर्षांनी तालुक्याच्या सरकारी हॉस्पिटलात रक्त धुवायची यंत्रं आली. त्यांच्यामागे दिल्लीतल्या कुठल्या आकड्याचा किती हात, हे कोणी छातीठोक सांगू शकणार नाही. सोनूबाई सोडून. पहिल्या दिवशी ती मोरूला घेऊन स्वतः आली. मोफत उपचारांच्या सरकारी योजनेच्या टेबलामागे मृणाली बसली होती. सर्वेक्षण संपल्यावर तिला इथं नोकरी लागली होती.

मोरूनं सवयीनं खिशातून नोटांची घडी काढली.

“राहू द्या दादा,” मृणाली म्हणाली. “इथं पैसे लागत नाहीत. सरकार भरतं.”

“सरकार कशाला?” सोनूबाई पुढं झाली. “मी भरलंय. चार वर्षं. तूच न्हाय का लिवून नेलीस?”

मृणालीनं मान वर केली आणि तिला ओळखलं. तिचा चेहरा उतरला. “आजी, तुमची वर्षं कुणी घेतली नाहीत हो. तो नुसता समजायचा हिशेब होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. चारही वर्षं तुमचीच आहेत.”

मोरू सोनूबाईकडे बघत राहिला. हे सगळं तो पहिल्यांदाच ऐकत होता. सोनूबाईनं एकेक बोट दुमडत चार मोजली.

“तुना आज सांगितलंस, मना आज कललं,” ती म्हणाली. “पन दिली तवा ठाऊक नव्हतं. म्हंजे दिलीच की गो.”

मग मोरूकडे वळून, बाजारात शेवटचा भाव सांगावा तसं, म्हणाली, “पैसे खिशात घाल रे. भरलंय.”

मृणालीनं कागद पुढं ओढला. खर्च कोणी केला, या रकान्यात तिनं नियमाप्रमाणे ‘सरकार’ लिहिलं. मोरूनं ते दोनदा वाचलं. अक्षरं चार, बरोबर होती. नाव तेवढं चुकलं होतं.