दोन गाठींचं माप

"अवो, पन ही घालणार कोण?" शिवकांतानं तिसऱ्यांदा विचारलं. जीनची निळी पँट शिलाईच्या पायमशीनवर उताणी पडली होती, आणि तिचा नवरा गुरुबसप्पा काही ऐकूच आलं नाही अशा थाटात खुंटीवरची टोपी झटकत होता.

"घालणारा घालंल. तू गाठीपस्तोर आखूड कर."

पँटीसोबत त्यानं सुतळी आणली होती. पहिल्या गाठीपर्यंत उंची, दुसरीपर्यंत कंबर. शिवकांतानं ती टेपला लावली आणि चक्रावलीच. उंची शाळकरी पोराची, कंबर अडत्याची! उदगिरात तरी असला माणूस तिनं पाहिला नव्हता. गुरुबसप्पाचा जन्म धोतरात गेलेला. हैदराबादला नोकरीला असलेला मुलगा संगप्पा ताडमाड वाढलेला. मग हा ठेंगू ढेरपोट्या कोण बाई?

"आन आधी भिजव, मग काप," गुरुबसप्पा म्हणाला. "धुतल्यावर आटती ती."

आता मात्र कमाल झाली. टँकर येऊन आठ दिवस झालेले. आंघोळीला तांब्या जास्त घेतला तर हाच माणूस घर डोक्यावर घ्यायचा. आणि आज पँट भिजवायला बादली?

तसं चार महिन्यांपासून त्याचं काहीच कळत नव्हतं. दर गुरुवारी लातूर. विचारलं तर म्हणे, उदगीर जिल्हा झाला पाहिजे, कलेक्टरला निवेदन द्यायचंय. जाताना घरातलं पाण्याचं एक कॅन घेऊन जायचा. जिल्हा झाला की पाणी येणार होतं म्हणे. तोवर होतं तेही लातूरला चाललं होतं. निवेदन द्यायला पाणी कशाला लागतं, हे तिनं एकदा विचारलं होतं. त्यावर तो आपल्या दुकानाकडं निघून गेला होता.

तिनं पँट उलटी करून भिजवली, वाळवली. खडूनं खूण करून कापली. शिवणीवर कापडाचे चार थर आले, ते बत्त्यानं ठोकून चपटे केले. कंबर दोन्ही बाजूंनी उसवून रुंद रबर घातलं. हात चालत होते, डोकं चालत नव्हतं. लेक शिवगंगा असती तर बोलायला तरी कुणी असतं. पोरीनं मनानं लग्न केलं, त्याला दोन वर्षं झाली. त्या दिवसापासून घरात तिचं नाव काढायचं नाही, असा गुरुबसप्पाचा हुकूम. पोर कुठं राहते, काय खाते, आईला काही पत्ता नाही. रडायचं तेही न्हाणीत.

दुसऱ्या पायाची दुमड शिवताना सुई कटकन मोडली. तुकडा शोधायला तिनं पँट सुलटी करून वर धरली, आणि इतका वेळ नजरेआड राहिलेली गोष्ट दिसली. मागच्या खिशांवर फुलं होती. बारीक, गुलाबी, दोऱ्यानं भरलेली. पँट बाईची होती.

गुरुवार, पाणी, विचारलं की निघून जाणं, सगळं एकदम शिवकांताच्या अंगावर आलं. पोर गेली ती गेली, आता नवराबी?

संध्याकाळी गुरुबसप्पा उंबऱ्यात आला तशी तिनं पँट त्याच्या अंगावर भिरकावली.

"लातुरात कोण हाय तुमची?"

त्यानं पँट झेलली. शिवण बोटानं चाचपून पाहिली. मग चप्पल न काढताच तो मशीनसमोरच्या स्टुलावर बसला. टोपी काढून मांडीवर ठेवली.

"आपली हाय," तो म्हणाला. "शिवगंगा. हुकूम मीच काडला व्हता, मोडला म्हून कुन्या तोंडानं सांगू तुला?"

शिवकांता भिंतीला टेकली. "बरी हाय?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

"पाचवा म्हैना लागलाय. पोटुशा लेकीला चोरचोळी आईकडून येती, पन तुला तर म्यानंच बांधून ठिवलंय. म्हून मीच इचारलो, कसली चोळी आनू? तर म्हनली, चोळी नको अप्पा, कालेजात असताना तुमी माझी जीन बंबात जाळली व्हती, तेवढी भरून द्या."