हरकत

अभियंत्याने नकाशा काउंटरवर पसरला आणि पंख्याने उडू नये म्हणून कोपऱ्यांवर दुकानातल्याच फरशीचे चार तुकडे ठेवले.

“इथे पादचारी पट्टे, मधोमध थांबायला कठडा आणि सिग्नल. सरकारने पैसे मंजूर केलेत. फक्त दोन्ही बाजूंना साठ-साठ फूट गाडी उभी करता येणार नाही.”

“म्हणजे माझ्या दारात,” मोठे दीर म्हणाले.

“तुमच्या दारात.”

त्यांची धाकटी भावजय कोपऱ्यातल्या स्टुलावर बसली होती, कुबडी मांडीवर आडवी धरून. सहा महिन्यांपूर्वी याच दारासमोर रस्ता ओलांडताना टेम्पोने तिला उडवलं होतं. मांडीत सळई बसली. शिवणयंत्र पायाचं, ते माळ्यावर गेलं. या पट्ट्यांसाठीचा अर्ज तिचा होता. समोरच्या नव्या इमारतींत जिने चढता येईनात, म्हणून ती खालीच बाकावर बसून राहिली आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या चारशे सह्या घेतल्या.

“माझा माल ट्रकने येतो,” दीर म्हणाले. “तो काय डोक्यावरून आणू?”

“मागच्या गल्लीत उतरवा.”

“आणि गिऱ्हाइकाने गाडी कुठे लावायची? जागा नाही म्हटलं की ते पुढच्या दुकानात जातं.” मग तिच्याकडे न बघता ते म्हणाले, “घरचंच माणूस मुळावर उठल्यावर बाहेरच्याला काय बोलायचं? दवाखान्यात दोन वेळचा डबा कोणाच्या घरून जात होता, ते विचारा तिला.”

“जाऊबाई आणायच्या,” ती म्हणाली. “हाच रस्ता ओलांडून. जीव मुठीत धरून येते म्हणायच्या. तुम्हाला कधी बोलल्या नाहीत?”

अभियंत्याने घड्याळ पाहिलं.

“हरकत असेल तर लेखी द्या. पण आधीच सांगतो, आता ऐकून घेत बसायला वेळ नाही. महिनाअखेर आहे. हरकत आली की हा निधी पुढच्या वस्तीला जाणार. त्यांची यादी तयारच आहे.”

“जाऊ दे की. त्यांनाही रस्ते आहेत,” दीर म्हणाले.

दिरांनी बिलबुकाच्या मागचा कोरा कागद फाडला. लिहायला फार वेळ लागला नाही. कारण म्हणून त्यांनी दोनच शब्द लिहिले: धंद्याला अडथळा.

“एक साक्षीदार लागेल,” अभियंता म्हणाला.

दिरांनी मान न वळवता हाक मारली. आतल्या गोदामातून तिचा नवरा आला. अकरा वर्षं तो भावाच्या दुकानात खोकी उतरवत होता. सगळं बोलणं त्याने ऐकलं असणार. गोदामाला दार नव्हतं.

“सही कर.”

त्याने हात पँटला पुसले. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याने कागदाकडे पाहिलं, पण वाचला नाही. सही केली आणि पेन जपून टोपणात घातलं.

“बरं झालं,” दीर म्हणाले. “एक तरी आपला निघाला.”

ती उठली. कोणी थांब म्हटलं नाही.

बाहेर रस्त्याच्या कडेला ती बराच वेळ उभी राहिली. ट्रक, बस, दुचाक्या. मध्ये फट पडायची, पण ती दोन पायांच्या माणसाला पुरेल एवढीच. मागून नवरा आला. रस्त्यात चार पावलं गेला आणि हात वर केला. एक ट्रक करकचून थांबला. त्याच्यामागे बस थांबली.

“चल,” तो म्हणाला.

ती जागची हलली नाही.

“मला कुठे जायची घाई आहे?” ती म्हणाली. “आपली पोरगी सकाळी सव्वासातला शाळेला जाताना एकटी ओलांडते. तेव्हा तुम्ही कुठे असता?”

“आता चल. लोक खोळंबलेत.”

“खोळंबू दे.”

ट्रकवाल्याने भोंगा दाबला तो सोडेचना. बसच्या खिडक्यांतून डोकी बाहेर आली. दुकानाच्या पायरीवर दीर येऊन उभे राहिले. ती तिथेच, कडेला, आणि तो भर रस्त्यात हात वर करून. खाली घ्यावा की नाही, हे त्याला कोणी सांगत नव्हतं.