मोनाची घंटी

मोनाची श्वासनलिका जन्मतःच अरुंद होती. गळ्याला भोक पाडून बसवलेल्या नळीतून ती श्वास घ्यायची, त्यामुळे कितीही रडली तरी आवाज फुटत नसे. म्हणून आजीने, धोंडुबाईने, तिच्या मनगटाला वासराच्या गळ्यातली घंटी बांधली होती. ती वाजली की निशिगंधा शेण-धारा टाकून लेकीकडे धावायची.

आता बरगडीची कूर्चा लावून डॉक्टरांनी श्वासनलिका रुंद केली होती. आज नळी काढणार होते. नर्सने मोनाच्या मनगटावरून सोडवून हातात दिलेली घंटी मुठीत धरून निशिगंधा सासूसोबत दाराबाहेर बसली होती. आत कुणाचं तरी पोर घोगऱ्या आवाजात रडत होतं.

"कुणाचं गं हे?" धोंडुबाई म्हणाली. "आई हाय का न्हाय त्याला?"

"व्हय की, आत्ती. ऐकवंना झालंय." घंटी वाजून कुणाला त्रास नको म्हणून निशिगंधाने मूठ आणखी आवळली.

दार उघडलं. "मोनाच्या आई, आत या की," नर्स म्हणाली. "कवापास्नं रडतीया पोरगी. ऐकू येत न्हाय व्हय?"

निशिगंधाने दचकून मूठ उघडली. घंटी तर वाजली नव्हती.