तरंगणारे ठिपके

दैवशालानं गंगाखेडच्या नदीकाठाचा थ्रीडी नकाशा उघडला. गेल्या वर्षी सातवा महिना चालू असताना, वाकवत नव्हतं तरी, तिनं काठावरून वाळू-मातीचे नमुने घेतले होते. तेव्हा उंचीसकट नोंदलेल्या त्या जागांचे लाल ठिपके ड्रोननं परवाच मोजलेल्या जमिनीवर टेकायला हवे होते. ते तर पुरुषभर उंच हवेत तरंगायले होते!

"लेकरू मांडीवर घेऊन काम केलं की असंच होतंय, मॅडम," तिला हे काम देणारे रविकांत सर फोनवर कडाडले. "संध्याकाळपर्यंत ठिपके खाली आणा, न्हाईतर काम दुसऱ्याला देतो."

लेकीच्या हातानं एखादी कळ दाबली गेली असंल म्हणून तिनं सगळे आकडे पुन्हा पुन्हा ताडून पाहिले. चूक सापडेना. शेवटी न राहवून तिनं लेकीला छातीशी बांधलं आणि स्कूटी थेट काठावर नेली.

"बघ गं माय, तू पोटात होतीस ना, तवा मी इथंच..."

बोलता बोलता ती थबकली. तिनं सरांना फोन लावला.

 

"सर, ठिपके आपापल्या जागीच हायेत. त्यांच्या खालची जमीनच कुणीतरी टिप्परमध्ये भरून नेलीय."